समुद्राच्या तळावरचा रस्ता

कॅनडात वीस वर्षं काढूनही नायगारा न पाहिलेला भारतीय माणूस मला एकच भेटला. जमलं नाही म्हणून नव्हे, ठरवून. कोणी सुट्टीत नायगाराला जातो म्हटलं की ते चहाचा कप खाली ठेवत आणि म्हणत, “तिथं काय आहे बे? पाणी वरून खाली पडून राहिलं. ते पडणारच ना. खालून वर जाऊन राहिलं असेल तर सांग, मी येतो.” त्यांची बायको मैत्रिणींबरोबर दोनदा नायगारा पाहून आली होती. रेनकोट घालून बोटीत काढलेले तिचे फोटो त्यांनी कधी उघडूनही पाहिले नाहीत.

आम्ही कॅनडाच्या राजधानीला लागून असलेल्या कनाटातल्या एका टेलिकॉम कंपनीत होतो. ते माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, नागपूरचे. ऑफिसातली आम्ही चार-पाच मराठी माणसं त्यांना भाऊ म्हणत असू. हार्डवेअर टेस्टिंगमध्ये त्यांचा शब्द शेवटचा असे. त्या वर्षांत दर तीन महिन्यांनी कोणी ना कोणी नोकरी जाऊन खोक्यात सामान भरून पार्किंग लॉटकडे जाताना दिसायचं. सगळे तेव्हा मान खाली घालून कीबोर्ड बडवायचे. भाऊ मात्र कुठल्याशा गावाचं पत्रक वाचत बसलेले असायचे. ही पत्रकं ते हायवेवरच्या माहिती केंद्रांतून उचलून आणत. नियम एकच होता. रॅकमध्ये सगळ्यात खाली, सगळ्यात जास्त धूळ बसलेलं पत्रक घ्यायचं.

कॅनडाला दीडशे वर्षं झाली त्या साली नॅशनल पार्कांचे पास फुकट होते. आख्खा कनाटा कुठल्या ना कुठल्या डोंगरासमोर उभं राहून फोटो काढत होता. भाऊ मला घेऊन गेले पाच खोल्यांच्या एका टेलिफोन म्युझियममध्ये. चांगली अडीच तासांची ड्राइव्ह. मी मनातल्या मनात शिव्या घालत होतो. आत एक म्हातारी बाई स्वेटर घालून बसली होती. तीन दिवसांत कोणी आलं नव्हतं म्हणाली. तिच्याकडे गावाचं जुनं एक्स्चेंज होतं, वायर खोचून दोन घरं जोडायचं, आणि ते चालू होतं. तरुणपणी ती स्वतः त्यावर बसली होती. कोणत्या घरातून रात्री फोन आला की डॉक्टरला आधीच उठवून ठेवायचं, हे तिला अजून पाठ होतं. भाऊंनी तिला खुर्चीवर बसवलं, आम्ही दोघं दोन खोल्यांत दोन रिसीव्हर धरून उभे राहिलो, आणि तिने आम्हाला जोडून दिलं. दीड तास कसा गेला मला कळलं नाही. परत येताना मी तसं कबूल केलं.

“नायगाराला तू नाही गेला तर नायगाराचं काही अडत नाही,” भाऊ म्हणाले. “इथं कोणी तरी वाट पाहून राहिलं असते ना बे.”

माणसाला एवढं छान बोलता येत असलं की त्याच्या बाकीच्या खोडी आपण पोटात घालतो. भाऊंच्या खोडी पोटात मावण्यापलीकडच्या होत्या. जिथे जातील तिथला प्रत्येक बोर्ड ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचत, देणगीदारांच्या नावांसकट. त्यांच्या गाडीत खायला सक्त मनाई. एकदा बिस्किटाच्या चुऱ्यामागे उंदीर आला, हिवाळाभर बॉनेटखाली राहिला आणि वायरी खाऊन गेला, तेव्हापासून गाडीत शेंगदाणासुद्धा चालत नसे. आधी पाहायचं, मग बाहेर बसून खायचं. आणि मनगटावरचं घड्याळ भारताच्या वेळेवर. आले त्या दिवशी जे होतं तेच, काटा हलवलेला नाही. कारण विचारलं तर म्हणत, “इथली वेळ मायक्रोवेव्हवर दिसते, भिंतीवर दिसते, फुकट. तिकडली कोण सांगते?” उन्हाळ्यात साडेनऊ तास वजा, हिवाळ्यात साडेदहा. मीटिंगमध्ये कोणी वेळ विचारली की डोळे किंचित मिटून ते वजाबाकी करत, आणि एका मिनिटाचाही फरक नसे. गोऱ्या मॅनेजरला त्याचं फार कौतुक.

त्याच वर्षी माझे बाबा मिरजेहून आले. आई जाऊन आठ महिने झाले होते. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सदतीस वर्षं स्टँडवरच्या त्या खिडकीत बसून त्यांनी गाड्या सोडल्या. निवृत्त झाले त्या दिवशी मनगटावरचं घड्याळ काढून कपाटात ठेवलं आणि पुन्हा बांधलं नाही. “आता वेळ बघायची ती दुसऱ्यांनी,” म्हणाले. त्यांना बारा वर्षांचा मधुमेह. जेवणाआधी वीस मिनिटं इन्सुलिनचं इंजेक्शन, तीन वेळा. ते पेन शर्टाच्या खिशात असायचं, पूर्वी गाड्यांच्या नोंदीची पेन्सिल असायची तिथे. इंजेक्शन घेतलं आणि जेवण लांबलं तर साखर उतरून माणूस बेशुद्ध पडतो, वेळेत काही गोड पोटात गेलं नाही तर जातोही. हे मला डॉक्टरने सांगितलं होतं, बायकोने फ्रिजवर लिहून लावलं होतं.

बाबा घरात खिडकीशी बसून राहत. नायगारा दाखवला तर म्हणाले, “पाणीच की.” हे मी भाऊंना सांगितलं आणि भाऊ खुर्चीतून उठलेच. त्याच संध्याकाळी ते आमच्या घरी हजर.

“काका, समुद्राच्या तळावरून गाडीनं नेतो तुम्हाला. चालते का?”

बाबा खिडकीपासून वळले. “तळावरनं म्हंजे?”

भाऊंनी पत्रक पसरलं. न्यू ब्रन्सविकमध्ये एक बेट होतं. तिथली भरती-ओहोटी जगातली सगळ्यात मोठी. ओहोटीला समुद्र बाजूला होतो आणि तळावरचा खडीचा रस्ता उघडा पडतो, किलोमीटरभराचा. त्यावरून गाडी बेटावर न्यायची, आणि भरती यायच्या आत परत यायचं. नाही आलं तर रस्त्यावर दोन पुरुष पाणी.

“हा रूट बघायलाच पायजे,” बाबा म्हणाले. आई गेल्यापासून त्यांनी काही पाहायची इच्छा दाखवली ती ही पहिली.

ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंग झाल्यावर तिथला सीझन संपतो. भाऊंनी मुद्दाम त्याच्या पुढचा शनिवार धरला. गर्दी नाही, तिकीटवाले नाहीत, बेटावरचा जुना वाडा बंद, पण रस्ता समुद्राचा, तो कोण बंद करणार? अमेरिकेतून गेलो असतो तर जवळ पडलं असतं. बाबांना अमेरिकेचा व्हिसा नव्हता, म्हणून क्युबेकमधून लांबचा फेरा घेतला. शुक्रवारी अकरा तास गाडी. न्यू ब्रन्सविकची हद्द ओलांडली तेव्हा माझ्या फोनवरची वेळ एक तास पुढे सरकली. इथला टाइम झोन वेगळा. मी मागे वळून बाबांना सांगितलंसुद्धा, “बाबा, एक तास पुढं गेलो आपण.”

“म्हंजे एक तास आयुष्य कमी झालं की,” बाबा म्हणाले. भाऊ तेव्हा मॉन्ट्रियलच्या कुठल्याशा जुन्या कालव्याबद्दल सांगत होते. त्यांनी ऐकलं नाही.

मोटेलात दोन रात्रींचं बुकिंग होतं. बायकोने बाबांसाठी वेगळी पिशवी दिली होती. ग्लुकोजची बिस्किटं, राजगिऱ्याचे लाडू, साखरेच्या पुड्या. सकाळी ती खांद्याला लावून मी खोलीबाहेर आलो. गाडीपाशी उभे असलेले भाऊ पिशवीकडे पाहून म्हणाले, “खायचं आहे का त्यात?” मी पिशवी परत खोलीत ठेवली. गाडीत उघडणार नाही एवढं म्हणून सोबत नेता आली असती. पण माणूस आपली गाडी काढून अकरा तास आपल्या बापाला घेऊन आलाय, त्याच्याशी लाडवांवरून कुठे वाद घालायचा, असा विचार मी केला. हा विचार मी त्यानंतर पुष्कळदा केला.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा रस्ता उघडा होता. दोन्ही बाजूंना तपकिरी शेवाळाचे ढीग, खारट कुबट वास, मध्ये ओली खडी. बोर्डावर त्या दिवसाची सुरक्षित वेळ लिहिली होती, दुपारी सव्वादोनपर्यंत. भाऊंनी बोर्ड वाचला, घड्याळ पाहिलं, डोळे मिटले. “पावणेअकरा. साडेतीन तास आहेत. दीडला निघू, आरामात.”

“नक्की का?” बाबांनी मला विचारलं. “किती वाजलं?”

मी फोन काढला. दहा सेहेचाळीस. “हो बाबा, पावणेअकरा.”

गाडी रस्त्यावर उतरली तसे बाबा दोन सीटांच्या मधून पुढे वाकले. चाकाखाली शिंपले करकरत होते. “अरे, दोन गाड्या समोरासमोर आल्या तर पास कशा व्हायच्या?” त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, “एकेरी ठेवायची. तिकडनं आलेली पहिली सोडायची.” एवढं ते आठ महिन्यांत बोलले नव्हते.

बेट खरंच बघण्यासारखं होतं. कोणा एका रेल्वेच्या धनाढ्य माणसाने शंभर वर्षांपूर्वी तिथे उन्हाळ्यात राहण्यासाठी पन्नास खोल्यांचा वाडा बांधला होता. कुलूप होतं, तरी खिडक्यांतून आतली बिलियर्डची टेबलं दिसत होती. खाली पाण्याकाठी गोल दगडी न्हाणीघर आणि खडकात कोरलेलं पोहण्याचं तळं, भरतीने आपोआप भरणारं. आणि गोठा! तीन मजली, आमच्या मिरजेच्या स्टँडएवढा. बाबा त्या गोठ्याभोवती पूर्ण फेरी मारून आले. भाऊ एकेका बोर्डापुढे थांबत होते. मी घाई केली की बोट वर करत. वारा गार होता, ऊन चांगलं होतं. मला वाटलं, आईनंतर बाबांना मी काहीतरी दाखवलं.

“भूक लागलीया,” बाबा म्हणाले. “किती वाजलं?”

मी फोन पाहिला. “एक वीस.”

“हाव, निघूच,” भाऊंनी घड्याळाकडे पाहत सांगितलं. “काका, पलीकडे उतरलो की समोरच सूपचं दुकान आहे. वीस मिनिटांत ताटावर बसवतो तुम्हाला.”

वीस मिनिटं म्हटल्यावर बाबांनी खिशातलं पेन काढलं, शर्ट वर करून पोटात सुई घेतली, आणि पेन परत खिशात ठेवलं. मी ते पाहिलं. सगळं वेळापत्रकाप्रमाणे चाललं होतं.

गाडी झाडीतून किनाऱ्याच्या उतारावर आली आणि भाऊंनी ब्रेक मारला. रस्ता अर्ध्यापर्यंत दिसत होता. पुढे पाणी होतं. लाटा नाहीत, आवाज नाही, नुसतं सपाट करडं पाणी डावीकडून उजवीकडे सरकत होतं. पलीकडच्या किनाऱ्यावर सूपच्या दुकानाचं निळं छप्पर स्पष्ट दिसत होतं.

“कसं काय?” भाऊ म्हणाले. “अजून पाऊण तास आहे.”

मी बूट काढले आणि चालत पाण्यात गेलो. दहा पावलांत घोटा, वीस पावलांत गुडघा. पाणी इतकं गार की पाय दुखायला लागले, आणि ओढ अशी की उभं राहता येईना. मी परत आलो. भाऊ इंजिन चालू ठेवून बसले होते.

“बस गाडीत,” ते म्हणाले. “आत्ता निघालो तर जाते. दर मिनिटाला वाढून राहिलं. बस म्हणतो ना!”

“गुडघ्याच्या वर आहे भाऊ. गाडी तरंगेल.”

“आणि काकांनी सुई घेतली त्याचं काय? सहा तास हा रस्ता उघडणार नाही बे!”

हे त्यांनी बाबांसमोर मोठ्याने म्हटलं. मी गाडीचं दार धरून उभा होतो. गेलो तर बुडण्याची भीती, थांबलो तर साखर उतरण्याची. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवलं होतं. त्याचा अर्थ त्या उतारावर कळला.

मागून बाबांचा आवाज आला, शांत, खिडकीतून गाडी सोडायचे तसा. “पुलावरनं पाणी चाललं असंल तर गाडी घालायची न्हाई. नियम हाय. गाडी मागं घ्या.”

“काका, पण तुमचं...”

“गाडी मागं घ्या.”

भाऊंनी गाडी मागे घेतली.

मी आणीबाणीचा ९११ लावला. पलीकडच्या माणसाने विचारलं, कोणता जिल्हा, आणि स्वतःच एक नाव घेतलं, ते मी कधी ऐकलंही नव्हतं. मी न्यू ब्रन्सविक म्हणालो. तो म्हणाला, सर, तुम्ही मेन राज्यात फोन लावलाय, थांबा, जोडून देतो. मी फोन कानापासून दूर करून पाहिला. वर मेसेज येऊन पडला होता, सकाळचाच. अमेरिकेत आपले स्वागत आहे, रोमिंगचे दर असे असे. समोरच्या खाडीपलीकडे अमेरिकेचं मेन राज्य होतं. माझ्या फोनने तिकडचा टॉवर पकडला होता आणि गुपचूप तिकडची वेळ लावली होती, एक तास मागची. एक चाळीस दाखवत होता. खरे पावणेतीन वाजत आले होते.

भाऊ माझ्या खांद्याशी उभे होते.

खरं तर मी तिथेच बोलायला हवं होतं. त्याऐवजी बोट लवकर पाठवा असं त्याने जोडून दिलेल्या बाईला तीनदा सांगून फोन ठेवला आणि भाऊंवर ओरडलो. “तुमचं घड्याळ! साडेनऊ, साडेनऊ! इथे साडेआठ वजा करायचे असतात! हे नागपूर नाही आणि कनाटाही नाही! माझ्या बापाला मारायला आणलंत तुम्ही इथे!”

भाऊंनी मनगटाकडे पाहिलं. ओठ हलले, बहुधा पुन्हा वजाबाकी केली. “चुकलं माझं,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द ऑफिसात कोणीही ऐकलेला नव्हता.

बोटीला पाऊण तास तरी लागेल असं ती बाई म्हणाली होती. सुई घेऊन पंचवीस मिनिटं होत आली होती. गाडीत खाण्याचा कण नव्हता. मी डॅशबोर्डचा खण उघडला, सीटखाली हात घातला, भाऊंच्या कोटाचे खिसे तपासले. वाड्याच्या मागच्या दारावर लाथा मारल्या. परत आलो तर बाबांच्या कपाळावर घाम होता. त्या वाऱ्यात घाम. हाताची बोटं थरथरत होती आणि ते म्हणत होते, “साडेबाराची कोल्हापूर लागली का?”

मी त्यांना हलवलं. “बाबा, माझ्याकडे बघा!” त्यांनी पाहिलं, पण ओळखल्यासारखं नाही. आईच्या वेळी मी चौदा तास विमानात होतो. या वेळी शेजारी उभा होतो आणि तरी काही करू शकत नव्हतो.

“भाऊ!” मी ओरडलो. भाऊ जागेवर नव्हते.

ते गोठ्याच्या दिशेने पळत होते. छप्पन्न वर्षांचा, गुडघ्याला पट्टा बांधणारा तो माणूस चढावर पळत होता, पडला, उठला, पुन्हा पळाला. मला वाटलं, घाबरून पळून चाललेत. कुठे पळणार, बेटावर? आठ-दहा मिनिटांनी ते आले ते कोटाची झोळी करून. झोळीत सफरचंदं होती. खाली पडलेली, डाग पडलेली, अळी लागलेली, लिंबाएवढी. “गोठ्यामागं त्यांची बाग होती,” ते धापा टाकत म्हणाले. “बोर्डावर होतं ना. तिसऱ्या. झाडं राहिली आहेत दोन.”

बाबांना ते चावता येईना. वरची कवळी सैल होती आणि जबड्यात जोर नव्हता. एक तुकडा तोंडातून खाली पडला. भाऊ गाडीच्या दारात गुडघ्यांवर बसले, सफरचंद स्वतःच्या तोंडात घातलं, चावून मऊ केलं, बोटांवर घेतलं आणि बाबांच्या ओठांशी धरलं.

माझे बाबा कोणाचं उष्टं खात नसत. आईच्या ताटातलं नाही, माझ्याही नाही. लहानपणी मी अर्धा खाल्लेला पेढा त्यांच्यापुढे धरला होता तर त्यांनी तो प्रेमाने परत माझ्याच हातात ठेवला होता. त्यांनी तोंड उघडलं. भाऊ चावत होते आणि भरवत होते, चावत होते आणि भरवत होते, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते हनुवटीवर येऊन सफरचंदाच्या रसात मिसळत होतं. “घ्या काका. अजून एक. गोड आहे. हा घ्या.” गोड नव्हतं. मी नंतर एक चाखून पाहिलं, तोंड वाकडं झालं.

पाच झाली, सहा झाली. सातव्याला बाबांनी भाऊंचं मनगट धरलं आणि म्हणाले, “बास.” मग माझ्याकडे पाहून, “तुझे पाय ओले हायेत. मोजे बदल.”

बोट आली. दोन स्वयंसेवक, त्यांतली एक बाई. तिने साखर तपासायला बाबांचं बोट टोचलं. इथल्या मापात तीन पूर्णांक चार, आपल्या मापात साठीच्या आसपास. त्याआधी किती खाली गेली होती ते देव जाणे. तिने संत्र्याचा रस पाजला, ब्लँकेट गुंडाळलं, आणि वर पाहून विचारलं, वेळ कोणी पाहिली होती? ती रागात नव्हती, नोंद करायची होती तिला.

“मी,” भाऊ म्हणाले. “माय वॉच. माय मिस्टेक.”

ती माझ्याकडे वळली. मी बाबांच्या पायांवरचं ब्लँकेट सारखं करत होतो. बराच वेळ सारखं करत होतो.

 परतीच्या अकरा तासांत दर अर्ध्या तासाने भाऊ आरशातून मागे पाहत. “काका, काही खाता का?” गाडीभर बिस्किटांचा चुरा झाला होता. 

बाबा महिन्याभराने परत गेले. आणि मी? मी ती गोष्ट सांगायला लागलो. दिवाळीला सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला, कोणाच्या बेसमेंटमधल्या वाढदिवसाला, ऑफिसच्या किचनमध्ये. भारताच्या वेळेवर घड्याळ लावणारा माणूस आणि बुडालेला रस्ता. लोक हसून बेजार व्हायचे. गोष्ट चांगलीच होती, मला रंगवताही येत होती, आणि तिच्यात माझ्या फोनचा उल्लेख कधी आला नाही. एकदा भाऊ तिथेच होते, हातात पुरणपोळीची प्लेट घेऊन. सगळ्यांबरोबर तेही हसले. कोणी विचारलं, “काय भाऊ, खरं आहे का हे?” ते म्हणाले, “हाव ना. शब्दन्‌शब्द खरा.” त्यानंतर त्यांनी मला कुठल्या जागेचं पत्रक दाखवलं नाही. मलाच काय, कोणालाच नाही.

वर्षभराने त्यांच्यावर खोकं भरायची पाळी आली. मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला, कोक्विटलामला होती, तिच्याजवळ राहायला गेले. निरोपाच्या लंचला मी मीटिंगचं कारण सांगून गेलो नाही. मला त्यांच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं, हे खरं कारण.

एका रविवारी बाबांनी मिरजेहून फोनवर विचारलं, “त्या भाऊंचं काय चाललंय?”

“बोलणं नाही झालं बरेच दिवस.”

“का?”

मी इकडच्या हवेचं काहीतरी सांगायला लागलो.

“हे बघ,” बाबा म्हणाले, “मी दोनदा वेळ विचारली. दोनदा तू फोन बघून सांगितलीस. आदल्या दिवशी एक तास पुढं गेलो म्हणालास तेही तूच. सदतीस वर्षं गाड्या सोडल्यात मी. गाडी कुणामुळं चुकली ते मला कळत न्हाई व्हय?”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“तू बोलशील म्हणून थांबलो होतो. त्यांना फोन लाव.”

लावायला मला आणखी चार दिवस लागले. भाऊंनी दुसऱ्याच रिंगला उचलला. कसे आहात, पाऊस किती, नातू काय म्हणतो, सगळं विचारून झालं. मी म्हणालो, “भाऊ, त्या दिवशी माझा फोनही तीच वेळ दाखवत होता. अमेरिकेची. मला ९११ लावला तेव्हाच कळलं होतं. आदल्या दिवशीचं बदललेलंही माहीत होतं. मी तुमच्या एकट्याच्या माथी मारलं. लोकांना सांगत फिरलो.” बोलता बोलता मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.



“तो अमेरिकेचा मेसेज मी पाहिला होता ना बे,” ते म्हणाले. “तुझ्या बाजूलाच तर उभा होतो.”

“मग तिथे बोलला का नाहीत? त्या बाईने विचारलं तेव्हा?”

“काका मागं बसून ऐकून राहिले होते. बापाला मरता मरता हे कशाला कळायला पाहिजे, की आपल्या पोराकडून झालं? माझं काय, मी परका. माझ्यावर राग धरला तरी चालते.” मग आवाज खाली आणून, कोणी ऐकेल अशा धास्तीने, ते म्हणाले, “तू आता मला सांगितलं, बरं केलं. पण काकांना सांगू नको. त्यांना माहीत नाही तेच बरं.”

“नाही सांगत,” मी म्हणालो.